पुसल्यावर हात लावायचा नाही

मी वॉर्डात शिरले की चांगले धडधाकट गडीसुद्धा पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतात. "आली रक्तवाली," असं कुणीतरी कुजबुजतं, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने कुजबुजतं. त्याचा मला राग येत नाही. मला राग येतो तो हात पुढे करून मान पलीकडे फिरवणाऱ्यांचा आणि सुई लागायच्या आधीच "आई गं" म्हणणाऱ्यांचा. नगरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सव्वीस वर्षं गेली. सकाळी केडगावहून स्कूटीवर यायचं, पांढरा कोट चढवायचा, ट्रे घ्यायचा आणि मजल्यामजल्यावर लोकांच्या हातांतून रक्त गोळा करत फिरायचं. चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत, हात मात्र राहतात.

हे काम मला एका जुन्या सरांनी शिकवलं. ते आता नाहीत. नस डोळ्यांनी शोधायची नाही, बोटाने शोधायची, हे त्यांचं पहिल्या दिवशीचं सांगणं. आमच्याकडे येणारे हात बहुतेक शेतातले, उन्हाने रापलेले. त्यांच्यावर निळी रेघ दिसायची वाट बघत बसलं तर दिवस मावळेल. डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या खळगीत ठेवायची, हलकं दाबायचं आणि सोडायचं. खाली काहीतरी रबरासारखं उसळतं, ती नस. दोन वर्षांत माझं बोट तयार झालं आणि मग त्या बोटाचा मला गर्व झाला. तापाने सुकलेली माणसं, म्हातारी माणसं, ज्यांची नस कुणालाच सापडत नाही अशांसाठी मला बोलावणं यायला लागलं. "काकूंना बोलवा, काकू एका टोचणीत घेतात," असं नवीन पोरी म्हणायच्या आणि मी उगाच कपाळाला आठी घालून, आतून खूश होऊन निघायची. माझं सगळं शहाणपण त्या एका बोटात साठलंय, असं आमचे हे म्हणतात. बाकी अंगात टंचाई आहे, असंही म्हणतात.

साखर, हिमोग्लोबिन असल्या तपासण्यांना हे बोट पुरतं. कल्चरला मात्र त्याला आवर घालावा लागतो. ताप उतरत नसेल आणि जंतू रक्तात शिरल्याची शंका असेल, तर डॉक्टर रक्ताचं कल्चर सांगतात. त्याच्या बाटल्या वेगळ्या असतात. त्यांत जंतूंच्या खाण्याचं पाणी असतं. रक्त त्यात सोडायचं आणि बाटल्या उबदार मशीनमध्ये ठेवायच्या. रक्तात जंतू असले तर ते खाऊनपिऊन वाढतात आणि मशीन आवाज देतं. मग तो जंतू कुठला आणि कोणत्या औषधाने मरतो, हे शोधता येतं. पण जंतू आपल्या कातडीवरही असतात. माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या. ते सुईबरोबर आत गेले तर बाटलीत तेच वाढतात आणि सगळ्यांना चकवतात. म्हणून रक्त दोन हातांतून, वेगवेगळं घ्यायचं. दोन्हीकडे एकच जंतू निघाला तर तो रक्तातला. एकाच हाताच्या बाटलीत निघाला तर संशय कातडीवर. आणि म्हणूनच नस आधी शोधून ठेवायची, मग औषधाने जागा नीट पुसायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि त्यानंतर तिला बोट लावायचं नाही. लावलंच, तर पुन्हा पहिल्यापासून पुसायचं.

वाळायला मी एक मिनिट मोजते. हे मिनिट नातेवाइकांना सोसत नाही. हातात सुई घेऊन मी नुसतीच उभी, आणि रोग्याचा हात उघडा. बाईला काम येत नाही की काय, अशा नजरेने ते बघतात. एका काकांनी तर तेवढ्यात त्या जागेवर फुंकर घातली होती, लवकर वाळावं म्हणून. त्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ती मुलगी आली तेव्हा उन्हाळा होता. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक वस्ती आहे, तिथली. एकवीस-बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण. मुलगी झाली होती. चार दिवस बरी होती, मग थंडी वाजून ताप आला. राजूरला सुया झाल्या, मग अकोले तालुक्याच्या गावी, मग संगमनेरला, आणि तिथून गाडीत घालून आमच्याकडे. बाळ अकरा दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं ते राहिलं, आणि बाळाला नुसतंच "बाय" म्हणत होते. बाळंतिणीचा नवरा औषधांच्या आणि कागदांच्या रांगांमध्येच असायचा. खाटेपाशी तिची सासू. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पण वॉर्डात नातवंड मांडीवर असलं की बाई सगळ्यांची आजी होते, त्यामुळे मीही तिला आजीच म्हणायला लागले. लहानखुरी, काटक बाई. लुगड्याचा ओचा घट्ट खोचलेला, जशी काही अजून डोंगर चढायचा आहे.

मी ट्रे ठेवला तसं तिने बाटल्या मोजल्या. चार.

"ह्या समद्या भरायच्या?"

"हो. दोन ह्या हाताच्या, दोन त्या."

"ओली बाळंतीन हाय ती," आजी म्हणाली. "रगात काढलं का दूध आटतं. आदीच पोरीला पुरंना झालंय."

असलं मी रोज ऐकते. रक्त काढलं की ताकद जाते, हात गळतो, माणूस विसराळू होतो. त्या दिवशी अजून नऊ रोगी राहिले होते, पंखा गरम हवा फेकत होता आणि माझा आवाज चढला. "आजी, दूध काय रक्तातून चमच्याने मोजून येतं का? तापाने तुमची सून जाईल, त्याची काळजी करा."

जाईल हा शब्द तोंडातून गेला आणि मला तो परत घेता आला नाही. आजीने मांडीवरच्या बाळावर पदर ओढून घेतला. मुलीने डोळे मिटलेलेच होते, पण तिने ऐकलं असणार.

उजवा हात ठीक झाला. डाव्या हाताची नस मी आधी शोधली, जागा पुसली, मिनिट मोजलं. मग सुई घातली तर काहीच आलं नाही. सुई बाहेर घेतली, बदलली, आणि दुसरी घालण्याआधी माझं बोट आपोआप त्या पुसलेल्या जागेवर गेलं. दाबलं, सोडलं. नस अर्ध्या बोटाने सरकली होती. सुई घातली आणि रक्त आलं. हातात मोजा होता, पण त्याच मोज्याने मी जरा आधी खाटेचा दांडा धरून खाट ओढली होती.

लक्षात आलं नाही असं नाही. खोटं कशाला बोलू? बोट उचलतानाच लक्षात आलं. पुन्हा पुसायचं, पुन्हा एक मिनिट थांबायचं, हे मला पाठ आहे. नवीन पोरींना मीच ते शिकवते आणि चुकल्या तर झापते. पण शेजारी ती बाई मूक होऊन बसली होती, माझ्याच शब्दामुळे, आणि मला तिथून लवकर निघायचं होतं. सुई गेली, रक्त आलं, बाटल्या भरल्या. चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मी निघून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन वाजलं. डाव्या हाताची एक बाटली. उजव्या हाताच्या दोन्ही बाटल्या गप्प. आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या थोरल्या मुलीपेक्षा लहान आहेत. त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ बघितली आणि मला बोलावलं.

"काकू, तीन नंबरच्या वॉर्डातली बाळंतीण. डावा हात. घेताना काही झालं होतं का? पुन्हा बोट लागलं, असं काही?"

"नाही मॅडम," मी म्हणाले.

इतकं सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. मॅडमनी मान हलवली. कातडीवरचाच जंतू दिसतोय, म्हणाल्या, पण काकूंनी घेतलंय म्हटल्यावर खराच असू शकेल. मुलीचा ताप तर हलत नव्हता. चालू औषध लागू पडत नव्हतं. तिच्या डॉक्टरांना कळवायला हवं, ते या जंतूचं औषध चालू करतील. ते औषध मूत्रपिंडांना जड आहे आणि तिची मूत्रपिंडं आधीच दमली आहेत, पण इलाज नाही, असं त्या स्वतःशीच बोलत होत्या. काकूंनी घेतलंय म्हटल्यावर. हे शब्द ऐकून एरवी मी दोन दिवस हवेत चालले असते.

मी चहाला म्हणून खाली आले. चहा घेतला आणि हातातच राहिला. दवाखान्याच्या मागे एक कडुलिंबाचं झाड आहे आणि त्याला सिमेंटचा पार आहे. तिथे ती आजी बसली होती. मांडीवर बाळ, शेजारी स्टीलची वाटी. सिस्टरने दाखवल्याप्रमाणे ती वाटीतलं दूध चमच्याने बाळाच्या ओठांशी लावत होती. बाळ दोन थेंब घ्यायचं, दोन सांडायचं आणि तोंड वळवून आजीच्या छातीत खुपसायचं. तिथे शोधायचं. मिळालं नाही की लाल होऊन रडायचं.

"तितं काय हाय गं माजे बाय?" आजी त्याला सांगत होती. "कोरडी हीर हाय ती. त्वा आयची वाट बघ. आय येनार हाय." आणि पुन्हा चमचा. पुन्हा ते तोंड छातीत. आजी न वैतागता दर वेळी तेच वाक्य म्हणत होती. मग तिने मला पाहिलं आणि तोंड फिरवून पदर पुढे ओढून घेतला.

मला रडू आलं. दवाखान्यात माझं रडणं बंद होऊन कैक वर्षं झाली होती. माझी आई नर्स होती. दवाखान्यात रडायचं नाही, घरी देवापुढे बसून काय ते रडायचं, असं तिने मला शिकवलं होतं. मी चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि जिना चढले. लिफ्टसाठी थांबले असते तर कदाचित माघारी फिरले असते.

"मॅडम, माझं बोट लागलं होतं," मी सांगितलं. "पुसल्यावर. मी परत पुसलं नाही."

त्यांनी आधी फोन उचलला आणि वॉर्डात ते नवीन औषध थांबवायला सांगितलं. अजून सुरू झालं नव्हतं. मग फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "मी तासाभरापूर्वी विचारलं होतं, काकू." मी मान खाली घातली. पन्नाशी उलटलेल्या बाईने मान खाली घालणं फार अवघड असतं, सवय गेलेली असते. चालू औषधाचा पुढचा डोस दुपारी दोनला आहे, मॅडम म्हणाल्या. त्याच्या जरा आधी, अंगातलं औषध सगळ्यांत कमी असेल तेव्हा, दोन्ही हातांतून नव्याने रक्त घ्यायचं. औषधाखाली दबलेला खरा जंतू निघाला तर तेव्हाच निघेल.

"दुसऱ्या कुणाला पाठवू?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मी म्हटलं, नको, मीच जाते.

दीड वाजता मी ट्रे घेऊन गेले. चार बाटल्या दिसताच आजी उठली, बाळ मुलाच्या हातात दिलं आणि खाटेच्या कडेवर, सुनेच्या आणि माझ्या मधोमध बसली.

"न्हाई," ती म्हणाली. "आता न्हाई. परवा घेतलं एवढं. तवापास्नं तिला थेंबभर दूध न्हाई. सिस्टर येती, पिळून बघती, वाटीचं बूड बी भिजत न्हाई."

"ते तापाने आजी, रक्त घेतल्यामुळे नाही."

"तुमी आसंच म्हननार."

नवरा म्हणाला, "घेऊ दे आये, डाक्टर सांगत्यात तर." तो बाळाला दोन्ही हातांनी पुढे धरून उभा होता, जणू ते सांडेल. आजीने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने आपल्या चोळीची बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे केला. काळसर, सुरकुतलेला, दंडापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण असलेला हात. कोपराच्या खळगीत दोरीसारखी जाड नस. एवढी सोपी नस मला महिनाभरात मिळाली नव्हती.

"माजं घ्या," ती म्हणाली. "लागंल तेवडं घ्या. मला काय करायचंय आता रगात."

"तुमचं घेऊन तिचा आजार कसा कळेल?"

"का न कळंल? एका चुलीचं खातो, एका हिरीचं पितो. सा म्हयनं झाले, एका वाकळंत निजतो. तिला डोंगराचं भ्या वाटतं म्हनून."

आसपासच्या खाटांवरचे लोक हसले. एरवी मीही हसले असते, किंवा ओरडले असते. माझी नेहमीची सगळी वाक्यं जिभेवर आली होती. वेळ नाही, समजत नाही, मागे व्हा. मुलीने उशीवरून डोळे उघडले होते. आमच्यात काय चाललंय ते तिला कळत असेल असं वाटत नव्हतं. ती फक्त आजीच्या पाठीकडे बघत होती. मी ट्रे खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि आजीच्या समोर बसले.

"आजी, परवा माझं चुकलं," मी म्हणाले. "जागा पुसली की तिला बोट लावायचं नसतं. मी लावलं. मग परत पुसायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्यामुळे बाटलीत भलताच जंतू आला. तिला खरा त्रास कशाचा आहे, ते अजून कळलेलं नाही. ते कळल्याशिवाय लागू पडणारं औषध देता येत नाही."

माझे कान तापले होते.

"म्हंजी पयलं रगात वाया गेलं?" आजीने विचारलं.

मला म्हणायचं होतं, सगळं नाही, उजव्या हाताचं ठीक आहे. "हो," मी म्हणाले. "वाया गेलं."

आजी रागावेल, ओरडेल, मुलाला मोठ्या डॉक्टरांकडे धाडेल, असं मला वाटलं आणि त्यातलं काहीही तिने केलं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं.

"डाक्टरनी धरलं व्हय तुला?"

"नाही. मीच सांगितलं."

"आन मला बी तूच सांगतीस."

"हो."

आजीने बाही खाली केली. खाटेवरून उठली, पलीकडच्या बाजूला जाऊन सुनेच्या उशाशी बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. "पोरी, हात दे," ती मोठ्याने म्हणाली, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "बाईचं परवा चुकलं हुतं. आता नीट घेनार हाय."

मी हात धुतले, नवे मोजे घातले. दोन्ही हातांची नस आधी शोधून ठेवली, खुणा मनात पक्क्या केल्या. पुसलं. "आता एक मिनिट," मी म्हणाले. "कुणीच हात लावायचा नाही."

"तू बी न्हाई," आजी म्हणाली. आणि तिने हात लांब करून माझी डावी तर्जनी आपल्या मुठीत धरली. जत्रेत पोराचं बोट धरावं तशी. मोज्यासकट. ते मिनिट आम्ही तशाच उभ्या-बसलेल्या होतो, मधे त्या मुलीचा उघडा, पुसलेला हात. एक माशी घिरट्या घालत होती, तिला आजीने दुसऱ्या हाताने पदर हलवून उडवलं आणि जवळ वाकून बघणाऱ्या मुलालाही त्याच पदराने मागे सारलं. साठ आकडे मी कधी एवढे सावकाश मोजले नव्हते. तिची मूठ गरम आणि खरखरीत होती. मला ती सुटू नये असं वाटत होतं, हे आता लिहायला हरकत नाही.

"झालं," मी म्हणाले. तिने बोट सोडलं. मी ते मोजेही टाकले, दुसरे घातले आणि मग सुई उचलली. पहिल्या टोचणीत रक्त आलं. दुसऱ्या हातालाही तसंच सगळं केलं, तेच मिनिट, तीच मूठ. सुई आत असताना मुलगी सासूच्या पोटात तोंड लपवून म्हणाली, "आत्या, बाय कुटं हाय?"

"हाय गं. बापाजवळ हाय. त्याला धरता येईना, पन हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी किती वेळा त्या मशीनपाशी गेले ते सांगत नाही. मॅडमनी शेवटी मला रिपोर्टांच्या फायली लावायला बसवलं. तीनच्या सुमाराला मशीन वाजलं. उजवा हात. पाऊण तासाने डावा. दोन्हीकडे एकच जंतू, आणि तो कातडीवरचा नव्हता. बाळंतपणात खालून वर चढणारा, आणि चालू औषधाला न जुमानणारा. मॅडमनी स्वतः फोन केला. संध्याकाळच्या आत औषध बदललं.

आधीच्या दिवसांत या पोरीच्या काळजीने मला घरी जेवू दिलं नव्हतं, आता झोपूही देईना. बदललेल्या औषधाच्या दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर ती उशीला टेकून बसली होती आणि आजी तिला भाताची पेज भरवत होती. माझ्या ट्रेमध्ये तिच्यासाठी काही नव्हतं. तरी मी तिच्या खाटेपाशी थांबले. तिचा हात हातात घेतला. थंड होता. माणसाचा हात थंड लागल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

दूध मात्र लगेच आलं नाही. सिस्टर रोज बाळाला छातीशी लावायच्या. बाळाला आता चमच्याची सवय झालेली, ते तोंड फिरवून रडायचं, मग आईही रडायची. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी मी पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं रक्त घेत होते, तेव्हा मागचं रडणं अचानक थांबलं. मी सुई काढेपर्यंत मागे वळले नाही, तेवढी शिस्त त्या दिवशी पाळली. वळले तेव्हा आजी पडदा धरून उभी होती. "आलं," ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

मग जवळ येऊन तिने हळूच विचारलं, "रगात काढल्यानं न्हाई ना आटत?"

"नाही, आजी."

"तापानं."

"तापानं."

"मंग बरं," ती म्हणाली. दुसऱ्यांदा रक्त घेतानाही मी हेच सांगितलं होतं. तेव्हा तिने ते मानलं नव्हतं, आणि माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी तरी तेव्हा काय केलं होतं?

आठवड्याने त्यांना घरी सोडलं. मी गेले तेव्हा नवरा पिशव्या बांधत होता आणि मुलगी बाळाला घेऊन खुर्चीत बसली होती. पुरुषांच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून त्यांच्या शेजारच्या खाटेवर, मधे पडदा ओढून, श्रीगोंद्याकडचे एक बाबा नव्याने आले होते. पायाला जुनी जखम, अंगात ताप, आणि कल्चरची चिठ्ठी. त्यांचा मुलगा माझा ट्रे बघून आडवा आला. म्हाताऱ्याच्या अंगात आधीच काही राहिलं नाही, बाई, आणि चार-चार बाटल्या कशाला, दुसऱ्या कुणाला पाठवा, ह्यांची नस कुणालाच सापडत नाही, असं बरंच काही. मी तोंड उघडायच्या आत आजी मधे आली. काखेत पिशवी, डोक्यावर पदर.

"घेऊ द्या वो," ती त्याला म्हणाली. "ही बाई चुकली तर सांगती."

तो मुलगा कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघायला लागला. हे माझं कौतुक आहे की गाऱ्हाणं, ते त्याला कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हातांत मोजे असल्यामुळे मला ते पुसताही येत नव्हतं. आजीने आपल्या पदराने माझे डोळे टिपले, तिच्या नातीचे टिपायची तसे, आणि वळून सुनेला हाताला धरून उठवलं. खाटेवरच्या बाबांनी मुलाला बाजूला सारून आपला हात माझ्यापुढे ठेवला.